कोंबड्याचे पीस आणि गळाची माशी

पावसाळा सरून नदीचे पाणी निवळू लागले, म्हणजे दिवस मावळतेवेळी काठावर स्वस्थ बसणाऱ्यास एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. पाण्यावर बारीक कीटकांचे थवे खालीवर होत असतात. त्यांतील एखादा कीटक पाण्यास टेकतो न टेकतो तोच खालून मासा वर येतो, क्षणभर तोंड दिसते, वर्तुळ उमटते आणि कीटक नाहीसा होतो. अशा वेळी त्याच जागी गांडूळ लावलेला गळ टाकून पाहावा, तर मासा त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याचे चित्त त्या क्षणी वरच्या अन्नावर असते व तेच त्यास हवे असते.

या अडचणीवर मनुष्याने फार पूर्वी एक उपाय शोधून काढला. गळावर रेशीम, लोकर व पीस बांधून त्याने कीटकाची प्रतिकृती तयार केली. हीच गळाची कृत्रिम माशी होय. माशी हा शब्द येथे व्यापक अर्थाने घ्यावयाचा आहे. घरातील माशीशी तिचा संबंध नाही. पाण्यात वा पाण्याजवळ राहणारा, माशाचे भक्ष्य होणारा कोणताही कीटक या नावाखाली येतो.

शेतकऱ्यांसाठी निघणाऱ्या पत्रिकेत हा विषय कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याची कारणे दोन आहेत. या माशीचे मुख्य साहित्य म्हणजे कोंबड्याच्या मानेवरील पीस असून ते आपल्या परसात पाळल्या जाणाऱ्या पक्ष्याच्या अंगावर तयार होते व बहुधा उकिरड्यावर जाते. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. याच पिसांच्या हौसेपायी सह्याद्रीतील एका सुंदर रानपक्ष्याचा बळी जात आला आहे. घरच्या कोंबड्याच्या पिसाने जे काम उत्तम होते, त्यासाठी रानातील पक्षी मारण्याचे काहीच प्रयोजन नाही, ही गोष्ट वाचकांच्या मनावर बिंबावी, हा या लेखाचा हेतू आहे.

या विद्येचा पूर्वेतिहास

इसवी सनाच्या २०० च्या सुमारास एलियन नावाच्या रोमन ग्रंथकाराने मॅसिडोनियातील अॅस्ट्रियस नदीवरील कोळ्यांचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्या नदीतील मासे पाण्यावर उडणारा एक कीटक खात. परंतु हा कीटक हातात धरताच त्याचा रंग उतरे, पंख कोमेजून जात आणि आमिष म्हणून तो निरुपयोगी ठरे. म्हणून ते कोळी गळास तांबडी लोकर गुंडाळीत आणि कोंबड्याच्या गळलोंबीखाली वाढणारी, मेणाच्या रंगाची दोन पिसे तीवर बसवीत. त्यांची काठी सहा फूट लांबीची असे व दोरीही तेवढीच. पुढील अठराशे वर्षांत साधने पुष्कळ सुधारली, पण लोकर, दोरा आणि कोंबड्याचे पीस ही मूळ सामग्री अद्याप टिकून आहे.

इंग्लंडमध्ये १४९६ साली गळाच्या मासेमारीवर जो निबंध छापला गेला, त्यात वर्षाच्या निरनिराळ्या महिन्यांसाठी बारा माश्यांची कृती दिलेली आहे. स्पेनमधील अस्तोर्गा येथील १६२४ चे हस्तलिखितही प्रसिद्ध आहे. हुआन दे बेर्गारा याने ते लिहिले असून कोणत्या माशीस कोणत्या छटेचे कोंबड्याचे पीस वापरावे, हे त्यात नोंदविलेले आहे. एवढ्या जुन्या काळी या लोकांनी पिसांच्या छटा किती बारकाईने पारखल्या होत्या, हे त्यावरून कळून येते.

आपल्या देशातील पाणी व मासे

ही विद्या मुख्यतः ट्राउट या थंड पाण्यातील माशाभोवती वाढली. ट्राउट मूळचा आपल्या देशातील नव्हे. त्याची अंडी परदेशांतून आणून १९०० साली काश्मीरमध्ये तो यशस्वीपणे रुजविण्यात आला. त्यानंतर १९०९ च्या सुमारास कुलू खोऱ्यात त्याच्या पैदाशीस आरंभ झाला. दक्षिणेत निलगिरी व मुन्नारच्या उंच प्रदेशांतही तो आढळतो. हिमाचल प्रदेशातील तीर्थन नदीचे खोरे आज ट्राउटसाठी गळाच्या शौकिनांना परिचित आहे. महाराष्ट्रातील नद्यांचे पाणी या माशास मानवण्याइतके थंड नसते. तेव्हा आपल्याकडे ट्राउट सोडण्याची कल्पना कोणी मनात आणू नये.

मात्र आपल्या नद्यांत महाशीर आहे. दख्खनच्या महाशीराचे शास्त्रीय नाव 'टॉर खुद्री' असे असून कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठा नदीतील माशांवरून त्याचे वर्णन केले. त्यांनी नावातील 'खुद्री' हा शब्द येथील लोकांच्या बोलीतून उचलला. पुढे १९७१ साली डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी या माशाची अंडी व प्रारंभीची वाढ यांविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. लोणावळ्याजवळील वळवण येथे टाटा वीज कंपनीच्या केंद्रात याच्या बीजनिर्मितीचे काम अनेक दशके चालत आले आहे. महाशीर हा कीटक, फळे व लहान मासे असे सर्व काही खाणारा असल्यामुळे तो माशीवरही येतो. विशेषतः लहान माशासारखी दिसणारी लांबट, पिसांची माशी त्यास आकर्षित करते. मरळसुद्धा पृष्ठभागावर बेडकासारखे काही हालताना दिसल्यास त्यावर झडप घालतो.

शेततळ्यात किंवा गावतळ्यात सोडल्या जाणाऱ्या कटला, रोहू व मृगळ यांच्या बाबतीत मात्र माशीचा उपयोग फारच थोडा. कटला पाण्यातील सूक्ष्म जीव गाळून खातो आणि मृगळ तळाशी चरतो. ज्या माशाचा आहार उडत्या वा पोहत्या कीटकांचा नाही, त्याच्यापुढे माशी नाचविण्यात अर्थ नाही. माशाचा आहार आधी जाणावा व मग आमिष ठरवावे, हा या विद्येचा पहिला नियम होय.

प्रथम पाणी पाहावे, मग माशी बांधावी

नवशिका मनुष्य प्रथम रंगीबेरंगी पिसे गोळा करतो. अनुभवी मनुष्य प्रथम नदीतील दगड उलटून पाहतो. वाहत्या, स्वच्छ पाण्यातील दगडाच्या खालच्या बाजूस चपट्या अंगाची, शेपटीस दोन किंवा तीन केस असलेली पिले चिकटलेली आढळतात. यांतील पुष्कळशी 'मेफ्लाय' नावाच्या कीटकाची असतात. त्याचे बहुतेक आयुष्य पाण्याखाली जाते. वाढ पूर्ण झाली म्हणजे ते पिलू पृष्ठभागावर येते, कात टाकते व त्यास पंख फुटतात. पंख फुटल्यानंतर पुन्हा एकदा कात टाकणारा कीटकांचा हा एकमेव वर्ग आहे. प्रौढ कीटकाचे तोंड खाण्याच्या कामाचे नसते. काही तास किंवा फार तर थोडे दिवस जगून, मीलन व अंडी घालण्याचे काम उरकून तो मरतो.

माशी बांधणाऱ्याच्या दृष्टीने या जीवनक्रमास मोठे महत्त्व आहे. पाण्याखालील पिलू, पृष्ठभागाशी कात टाकणारा अर्धवट कीटक आणि पाण्यावर तरंगणारा प्रौढ कीटक या तिन्ही अवस्थांत मासा त्यास खातो व प्रत्येक अवस्थेसाठी माशी निराळी असते. तरंगणाऱ्या माशीस 'कोरडी माशी' व बुडून चालणाऱ्या माशीस 'ओली माशी' म्हणतात. लहान खडे, वाळू व काड्या जोडून स्वतःभोवती नळी तयार करणारी कॅडिसची अळी, नाकतोडे, मुंगळे, चतुर आणि पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती गर्दी करणारी पंखवाली वाळवी, हेही माशांचे खाद्य आहे.

पाहणीसाठी मोठ्या साधनांची गरज नाही. जुन्या मच्छरदाणीचा हातभर तुकडा दोन काठ्यांना बांधून प्रवाहात आडवा धरावा व त्याच्या वरच्या अंगाचे दोन-तीन दगड पायाने हलवावेत. जाळीत जे अडकेल ते पांढऱ्या थाळीत पाणी घेऊन त्यात सोडावे. कीटकाची लांबी, अंगाचा रंग, शेपटीच्या केसांची संख्या व हालचालीची तऱ्हा वहीत टिपून ठेवावी आणि कीटक पुन्हा पाण्यात सोडून द्यावेत. असे टिपण महिन्यातून एकदा याप्रमाणे वर्षभर केल्यास त्या नदीचे एक उत्तम पंचांगच हाती येते. हे कीटक स्वच्छ, प्राणवायूयुक्त पाण्यात राहणारे आहेत. एखाद्या वर्षी ते एकाएकी दिसेनासे झाले, तर वरच्या बाजूस सांडपाणी किंवा शेतातील कीटकनाशक नदीत उतरत असण्याचा संभव असतो, हेही ध्यानात ठेवावे. फवारणीची भांडी ओढ्यात धुणाऱ्यांनी ही गोष्ट अवश्य मनावर घ्यावी.

पिसाची पारख

कोरडी माशी पाण्यावर तरंगते ती पिसाच्या तंतूंवर. पीस गळाच्या दांडीभोवती गुंडाळले असता त्याचे तंतू चोहोबाजूंनी आऱ्यांसारखे उभे राहतात आणि पाण्याच्या पृष्ठावर टेकून माशी तोलून धरतात. म्हणून हे तंतू ताठ, चकचकीत व सारख्या लांबीचे असावे लागतात. असे पीस पूर्ण वाढलेल्या नराच्या मानेवर व पाठीच्या मागील भागावर येते. मादीचे पीस मऊ असून पाणी शोषून घेते. म्हणून ते ओल्या माशीस योग्य. कोणतेच पीस सर्वस्वी टाकाऊ नसते, केवळ त्याची जागा ओळखावी लागते.

चांगल्या पिसाची लक्षणे पुढीलप्रमाणे सांगता येतील : (१) पीस लांब व निमुळते असावे. (२) दांडी बारीक व लवचीक असावी आणि वाकविताना मोडू नये. (३) मधल्या दांडीलगतचा मऊ, जाळीदार भाग शक्य तितका कमी असावा. (४) पीस कमानीसारखे वाकविले असता तंतू एकमेकांपासून सुटे होऊन ताठ उभे राहावेत. (५) तंतूची लांबी गळाच्या टोकापासून दांडीपर्यंतच्या अंतराच्या सुमारे दीडपट असावी. याहून लांब तंतूची माशी कलंडते व आखूड तंतूची बुडते.

मांसासाठी वाढविलेले ब्रॉयलर पक्षी सहा-सात आठवड्यांतच विकले जातात. त्यांच्या मानेवर असे पीस येण्यास वेळच मिळत नाही. अंड्यांसाठीच्या फार्मवर तर केवळ माद्या असतात. तेव्हा उपयुक्त पीस मिळावयाचे ते परसातील वर्षभराच्या किंवा अधिक वयाच्या कोंबड्याचे. ऱ्होड आयलंड रेड जातीचा कोंबडा तांबूस-तपकिरी पीस देतो. पट्टेदार प्लायमाउथ रॉकच्या पिसावर काळे-पांढरे आडवे पट्टे असतात आणि हे पीस माशी बांधणारे विशेष पसंत करतात. काळे व पांढरे पीस गावठी कोंबड्यांत सहज मिळते. १९२२ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात 'अॅडम्स' नावाची जी कोरडी माशी प्रथम बांधली गेली व पुढे जगभर रूढ झाली, तिला तपकिरी व पट्टेदार अशी दोन पिसे एकत्र गुंडाळतात. वरील दोन जातींचे कोंबडे ज्याच्या खुराड्यात आहेत, त्याच्या घरी या प्रसिद्ध माशीचे अर्धे साहित्य आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

पिसे साठविताना ती साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन, स्वच्छ पाण्यातून काढून सावलीत वाळवावीत. पूर्ण वाळल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात कापराच्या वड्या टाकून ठेवावीत, म्हणजे कसर लागत नाही.

एक गोष्ट येथे निक्षून सांगितली पाहिजे. आजारी किंवा आपोआप मेलेल्या पक्ष्याचे पीस कधीही घेऊ नये. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूचा उद्भव झाला. भारतातील तो पहिलाच उद्भव होय. त्या वेळी पक्ष्यांची केवढी हानी झाली, हे तेथील कुक्कुटपालक विसरलेले नाहीत. पीस हे रोगाचे वाहन होऊ शकते. खुराड्यात एकाएकी मरतुक सुरू झाल्यास पिसांचा विचार सोडून प्रथम पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास कळवावे.

माशी बांधण्याची कृती

नवशिक्याने ओल्या माशीपासून आरंभ करावा. ती बांधण्यास सोपी असून चूक सहन करणारी आहे. साहित्य थोडेच लागते : १२ क्रमांकाचा गळ, बारीक रेशमी दोरा, मधमाशीचे मेण, थोडी तांबडी लोकर, जरीची बारीक तार, कोंबडीच्या मानेवरील एक मऊ पीस, कोंबड्याच्या पिसाचे काही ताठ तंतू, टोकदार कात्री, सुई व थोडे व्हार्निश. गळाचा क्रमांक जसजसा वाढतो तसतसा गळ लहान होत जातो, हे ध्यानात ठेवावे. गळ पकडण्यासाठी टेबलास बसविण्याचा लहान शिकंजा लागतो. जुन्या जरीकाठी लुगड्याची निघालेली जर या कामास फार चांगली.

१. गळाचा वाक शिकंज्यात असा पकडावा, की दांडी आडवी व नेढे उजव्या हाताकडे राहील. हात मारून पाहावा. गळ हलता कामा नये.

२. दोऱ्यास मेण लावावे. नेढ्याच्या मागे दोन मिलिमीटर जागा सोडून तेथून दोरा गुंडाळण्यास आरंभ करावा व वेढ्याशी वेढा भिडवीत वाकापर्यंत न्यावा. दोरा सतत ताणलेला असावा. सैल दोरा हे बहुतेक सर्व दोषांचे मूळ आहे.

३. वाकापाशी पाच-सहा ताठ तंतू शेपूट म्हणून बांधावेत. शेपटीची लांबी दांडीइतकी ठेवावी. त्याच जागी जरीच्या तारेचे एक टोक बांधून ती मोकळी सोडावी.

४. लोकर पिंजून तिचे अगदी विरळ तंतू मेण लावलेल्या दोऱ्यावर चिमटीने एकाच दिशेने वळावेत, म्हणजे दोऱ्याभोवती लोकरीचे बारीक सूत तयार होते. हे सूत वाकापासून नेढ्याकडे गुंडाळत आणावे. अंग मागे बारीक व पुढे किंचित जाड व्हावे. नेढ्यामागे तीन मिलिमीटर जागा मोकळी राहिलीच पाहिजे.

५. आता जरीची तार समान अंतरावर चार-पाच वेढ्यांनी पुढे आणून बांधावी व उरलेली कापावी. तिच्यायोगे कीटकाच्या अंगावरील वलयांचा भास होतो व लोकरही पक्की बसते.

६. मऊ पिसाच्या बुडाशी असलेला कापसासारखा भाग काढून टाकावा. पीस मोकळ्या जागेत बांधून त्याचे केवळ दोन वेढे द्यावेत. वेढे देताना तंतू बोटांनी मागे सारीत जावे. कोरड्या माशीसाठी हेच काम ताठ पिसाने व चार ते सहा वेढ्यांनी करावयाचे असते.

७. पिसाचे टोक बांधून कापावे. दोऱ्याचे थोडे वेढे देऊन लहानसे निमुळते डोके तयार करावे आणि दोऱ्याचे टोक त्याच्याच तीन-चार वेढ्यांखालून ओढून घेऊन गाठ पक्की करावी. सुईच्या टोकाने व्हार्निशचा एक थेंब डोक्यावर सोडावा. नेढ्यात व्हार्निश भरल्यास ते ओले असतानाच पिसाच्या दांडीने साफ करावे.

पहिल्या माशीत डोक्यापाशी गर्दी होणे, अंग लठ्ठ होणे व पीस फार लांब पडणे, हे तीन दोष ठरलेले असतात. त्यांनी निराश होऊ नये. दर वेळी नवी माशी न बांधता एकच नमुना सहा वेळा बांधावा आणि त्या सहा माश्या ओळीने मांडून पाहाव्यात. सहावी पहिलीपेक्षा चांगली असते व दोष कोठे आहे तेही आपोआप कळते. खऱ्या कीटकाचे अंग किती सडपातळ असते, हे थाळीतील टिपणाशी ताडून पाहिल्यास हात लवकर सुधारतो.

ही माशी वजनाने इतकी हलकी असते, की नेहमीच्या गळाप्रमाणे ती दूर फेकता येत नाही. त्यासाठी वजनदार दोरी वापरतात. काठीच्या झोकाने दोरी पुढे जाते व तिच्या टोकाच्या बारीक, पारदर्शक धाग्याबरोबर माशी अलगद पाण्यावर उतरते.

लेओनचे कोंबडे

पिसासाठी कोंबडा पाळणे ही कल्पना आपणांस नवी वाटेल. परंतु स्पेनच्या उत्तर भागात, लेओन प्रांतातील कुरुएन्यो नदीच्या खोऱ्यात हे काम शतकानुशतके चालत आले आहे. तेथील ला वेसिया व आसपासच्या खेड्यांत शेतकरी आपल्या इतर शेतीकामाबरोबर खास पिसांचे कोंबडे बाळगतात. या कोंबड्यांचे दोन प्रकार आहेत. एकाची पिसे एकरंगी, करड्या-पोलादी छटांची असतात व दुसऱ्याची तपकिरी ठिपक्यांची. पाठीवरील पिसांचे तंतू काचेसारखे पारदर्शक, ताठ व चमकदार असतात. कोंबडा मारला जात नाही. त्याची पिसे वर्षातून काही वेळा उपटून घेतात, ती पुन्हा उगवतात आणि तोच पक्षी वर्षानुवर्षे उत्पन्न देतो. हेच कोंबडे खोऱ्याबाहेर नेले असता त्यांच्या पिसाचे तेज कमी होते, अशी तेथील लोकांची दृढ समजूत आहे. ला वेसिया येथे या पिसांची व माश्यांची वार्षिक जत्राही भरते. जिवंत पक्ष्याचे पीस उपटण्याने त्यास वेदना होतात. आपल्याकडे कोणी तसे करू नये. गळलेले किंवा खाण्यासाठी कापलेल्या निरोगी कोंबड्याचे पीस आपल्या कामास पुरे आहे.

अमेरिकेत या कामास शास्त्रशुद्ध निवडपैदाशीची जोड मिळाली. ज्या नराचे पीस अधिक लांब व ताठ, त्याचीच संतती पुढे चालविणे, हे काम तेथील काही चिकाटीच्या कुक्कुटपालकांनी अनेक पिढ्या केले. परिणामी आजच्या एका लांब पिसावर अनेक माश्या बांधता येतात. आपण बियाणे किंवा वळू निवडताना जे तत्त्व पाळतो, त्याहून हे निराळे नाही.

उत्पन्नाविषयी सावधगिरी

येथे वाचकांस खोटी आशा दाखविणे योग्य होणार नाही. माशी आजही हातानेच बांधली जाते. केनिया, श्रीलंका, थायलंड इत्यादी देशांत हे काम मजुरीवर मोठ्या प्रमाणात चालते. बारीक नजर व स्वच्छ हात असलेल्यास, विशेषतः बचत गटातील भगिनींस, हे काम साधण्याजोगे आहे, यात शंका नाही. परंतु ग्राहक ठरलेला नसताना केवळ पिसांसाठी कोंबड्यांचा कळप उभा करू नये. नराला वर्षभर खाऊ घालावे लागते व तो अंडी देत नाही. भावाचाही भरवसा नाही. २०११ साली अमेरिकेत केसांत लांब पिसे माळण्याची टूम निघाली. पिसांचे भाव एकाएकी भडकले, माशी बांधणाऱ्यांना पीस मिळेनासे झाले आणि टूम ओसरताच मागणीही ओसरली. अशा लाटेवर कोणी भांडवल गुंतवू नये. प्रथम घरच्या पिसांवर हात बसवावा, एकसारख्या शंभर माश्या बांधून त्या गळाच्या शौकिनांस दाखवाव्यात व मागणी आल्यासच पुढे पाऊल टाकावे. परदेशी माल पाठविताना पिसांसाठी पशुवैद्यकीय दाखला व अन्य नियम असतात. त्यांची चौकशी अगोदर करावी.

रानकोंबड्यास हात लावू नये

सह्याद्रीच्या रानात पहाटे ज्याची आरव ऐकू येते, तो करडा रानकोंबडा आपल्या परिचयाचा आहे. त्याच्या मानेवरील काळसर पिसांच्या टोकाशी मेणाचा थेंब थिजावा तसे पिवळसर, चकचकीत ठिपके असतात. सामन माशासाठी बांधल्या जाणाऱ्या शोभिवंत माश्यांत या ठिपक्याचा डोळा म्हणून उपयोग करण्याची चाल इंग्लंडात पडली आणि या पक्ष्याच्या मानेच्या कातड्यांना परदेशांत गिऱ्हाईक निर्माण झाले. एका मानेसाठी एक जीव, असा हा व्यापार होता. आज वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये या पक्ष्यास संरक्षण असून त्याची शिकार करणे व त्याच्या पिसांचा व्यापार करणे हा गुन्हा आहे. गावात कोणी व्यापारी अशा मानेची चौकशी करीत आल्यास वन खात्यास कळवावे. मोर हा तर आपला राष्ट्रीय पक्षी. त्याच्या पिसाचे तंतूही माशीच्या अंगासाठी वापरतात. परंतु पिसासाठी मोर मारणे हा गुन्हा असून मोरपिसांच्या निर्यातीसही बंदी आहे.

दुर्मिळ पिसाचा लोभ माणसास कोठवर नेतो, याचे एक उदाहरण बोलके आहे. २००९ साली इंग्लंडमधील ट्रिंग येथील निसर्ग-इतिहास संग्रहालयाच्या संग्रहातून पक्ष्यांच्या २९९ जतन केलेल्या कातड्यांची चोरी झाली. त्यांतील काही आल्फ्रेड रसेल वॉलेस या थोर निसर्गशास्त्रज्ञाने स्वतः गोळा केलेल्या होत्या. चोर हा माशी बांधणाराच निघाला. पुष्कळ कातड्यांवरील चिठ्ठ्या काढून टाकण्यात आल्या होत्या, त्यामुळे पक्षी कोठे व केव्हा मिळाला, हे कळण्याचा मार्ग उरला नाही आणि परत मिळालेल्या वस्तूंचेही शास्त्रीय मोल नष्ट झाले. विशेष हे, की त्या दुर्मिळ पिसांच्या माश्या बहुतेक पेटीत शोभेस ठेवण्यासाठी बांधल्या जातात, पाण्यात टाकण्यासाठी नव्हेत. माशाला पिसाची किंमत कळत नाही. त्यास आकार, छटा व हालचाल कळते आणि या तिन्ही गोष्टी परसातील कोंबड्याचे पीस देऊ शकते.

पाण्यावर जाण्यापूर्वी

जलाशयातील मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात. त्यांची परवानगी घेतल्याखेरीज गळ टाकू नये. परप्रांतातील ट्राउटच्या नद्यांवर मत्स्य खात्याचा परवाना लागतो. महाशीर पावसाळ्यात अंडी घालण्यासाठी प्रवाहात वर चढतो, त्या काळात त्यास मुळीच छेडू नये. गळाच्या टोकामागची उलटी अणी चिमट्याने दाबून सपाट करावी, म्हणजे मासा फारसा जखमी न होता सुटतो. हात ओले करून मासा पाण्यातच धरावा व सोडून द्यावा. कृत्रिम माशी मासा सहसा गिळत नाही. ती ओठाच्या कडेस अडकते. मासा जिवंत सोडता येणे हा या पद्धतीचा आमिषाच्या गळावरील मोठा गुण आहे.

थोडक्यात सांगावयाचे, तर या विद्येस भांडवल फारसे लागत नाही, नजर लागते. पुढच्या सुट्टीत मुलांस बरोबर घेऊन जवळच्या ओढ्यावर जावे, एक दगड उलटावा, खालच्या कीटकाचे टिपण करावे आणि घरी येऊन खुराड्यातील गळलेले पीस उचलावे. त्या पिसाची व त्या कीटकाची गाठ घालून देणारी पहिली माशी ओबडधोबड होईल, पण ती बांधताना आपली नदी व आपला पक्षी दोन्ही अधिक जवळून पाहिले जातील, आणि रानातील कोंबडा रानातच आरवत राहील.